खडूनं लिहिलेली नावं

नाही, म्हणजे मला वाटलं होतं लोक टाळ्या वाजवतील! निदान एखादा म्हातारा तरी उठेल, डोळे पुसेल, म्हणेल, शाब्बास पोरी, नाव काढलंस गावाचं... असलं काहीतरी. आणि झालं काय? एसटीच्या शेडखाली एक काळा फळा, फळ्यापुढं हातात खडू घेतलेली मी, आणि माझ्यापुढं तीन माणसं! त्यातला एक मुरबाडच्या गाडीची वाट बघत होता, एक झोपला होता, आणि तिसरी आमची सरिताकाकी, म्हणजे जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती उमेदवारच! तीसुद्धा मध्येच म्हणते कशी, "भूमिका, आटप गो, भात चुलीवर ठेवून आलंय."

तुम्हाला सांगते, मी काही अशीतशी परत आले नव्हते. पाच वर्षं दिल्लीत काढली. राज्यशास्त्र! शेवटी प्रबंध लिहिला, एकशेबारा पानांचा, विषय काय, तर राजकीय देणग्या आणि पारदर्शकता. कोण कुणाला देतं, किती देतं, लपवून का देतं, लपवलेलं बाहेर कसं काढायचं... सगळं त्यात. आमच्या बाई म्हणाल्या, भूमिका, हे आता जमिनीवर करून दाखव. आता शहाणं माणूस असल्या वाक्यावर मान डोलावतं आणि नोकरी शोधतं. मी बॅग भरली! आसनगावला उतरले, जीपनं गावात आले, आणि बघते तर ग्रामपंचायत लागलेली, सरपंचपद बाईला राखीव, आणि आमची काकी उभी! म्हटलं, देवच पावला. आमचं गाव शेणव्याच्या पुढं. किती पुढं ते विचारू नका. का विचारू नका ते कळेलच.

तर मी काकीला म्हटलं, काकी, आपला प्रचार असा करायचा की तालुक्यात झाला नसेल. कुणी दोन रुपये दिले तरी फळ्यावर नाव. उघड म्हणजे उघड! काकी म्हणाली, "आनि कोनी दिलंच नाय तर?" मी म्हटलं, मग तेही उघड! फळा मिळाला नवरात्र मंडळाच्या खोलीत, उंदरांच्या लेंड्यांत पडलेला. झटकला, शेडच्या खांबाला बांधला. खालच्या कडेला कसलं तरी जुनं रंगवलेलं होतं, बेंगरूळ दिसत होतं, वाचायला वेळ कुणाला होता हो? त्याच्यावर मी पिवळा चार्ट पेपर खळीनं चिकटवला आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: 'सरिताकाकीचा प्रचार. उघड म्हणजे उघड!'

पहिल्या दिवशी देणगीदार शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी फळ्यावर कुणीतरी बदाम काढून ठेवला.

मग आले धाऊमामा. धाऊमामा म्हणजे कोण, तर आमच्या पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून आहेराची वही घेऊन बसणारा माणूस. तीस वर्षं! तुम्ही एकशे एक दिले की मामा वहीत लिहिणार आणि लगेच माईकवर पुकारणार. अख्ख्या मांडवाला कळलं पाहिजे कुणी काय दिलं. कारण उद्या तुमच्याकडं लग्न निघालं की ती वही उघडायची आणि तेवढाच आहेर परत करायचा... तेवढाच नाही, चार पैसे वाढवून! तर मामांनी माझा फळा वरून खाली पाहिला, विडी कानावर खोचली आणि म्हणाले, "पोरी, एवढी शिकलीस, पन तुला मानूस नाय कळला. नाव लिवून कोन देतंय? नाव पुकारलं तर देतंय!"

आता सांगा, एकशेबारा पानांत हे वाक्य कुठं होतं?

दुसऱ्या दिवशी मामा स्पीकर घेऊन हजर. "आपल्या गावचे नामदेव पाटील यांच्याकडून कपबशीला एकशे एक रुपये, धन्यवाद! हौसाबाई, खालची आळी, एकावन्न रुपये आणि एक नारळ, धन्यवाद!" कपबशी म्हणजे काकीचं चिन्ह. आणि काय सांगू, लोक धावत आले हो! एकशे एकवाल्याच्या शेजाऱ्यानं दोनशे एक दिले, कारण त्यांचा बांधावरून वाद आहे. मी खडूनं लिहितेय, हात पांढरा, केस पांढरे, तोंड पांढरं... मनात म्हणतेय, बाई, या, बघा, लोकशाही कशी असते! उघड म्हणजे उघड!

एवढ्यात अंबूबाई एकावन्न रुपये टेबलावर ठेवून कानाशी विचारते, "गो भूमिका, माज्या भागीरथीचा लगीन वैशाखात हाय. सरिता ह्ये एकावन्न परत करताना किती करील?" मी म्हटलं, आजी, हा आहेर नाही, देणगी आहे, परत नाही करायची! तर ती माझ्याकडं अशी बघायला लागली जणू मी तिच्या बटव्यात हात घातलाय. "परत नाय करायचा? मंग घेतलास कशाला?"

आणि ऐका, याच्यावरची ऐका! समोरच्या पार्टीची उमेदवार दिपाली. ती आपली पदर सावरत आली, दोनशे एकावन्न रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "धाऊमामा, पुकारा." मी म्हटलं, दिपालीवहिनी, तुम्ही काकीच्या विरुद्ध उभ्या आहात! म्हणते, "ते हाय ना. पन माज्या लग्नात सरिताकाकीनी दोनशे एकचा आहेर केलेला. निवडनूक काय, येतंय नि जातंय. वही र्‍हातंय!" आणि मामांनी पुकारलं! विरोधी उमेदवाराची देणगी, माईकवर, धन्यवादासकट! मी लिहिली. लिहिणार नाही तर काय करणार? उघड म्हणजे उघड... संध्याकाळी बाबा हळूच म्हणाले, "मी पन दिपालीला पाचशे देऊन आलो. तिच्या बापानं तुज्या ताईच्या लग्नात भांडी दिलेली." माझे सख्खे बाबा!

इथवर मी हसत सांगतेय. इथवर हसायचंच होतं.

आता शेठ. गावाबाहेर टेकडीच्या कुशीत एक फार्महाऊस आहे, निळ्या पाण्याचा तलाव, हिरवळ, गुलाबांच्या रांगा. मुंबईचे शेठ. त्यांनी बोअर मारली, खोल, आणि तेव्हापासून वरच्या पाड्याची विहीर संक्रांतीलाच तळ दाखवते. तानसा धरणाचं पाणी मुंबईला जातं त्यावर आमच्याकडं आता कुणी बोलतही नाही, ती सवय झाली. पण टेकडीवरचं पाणी गुलाबाला जातं ह्याची सवय अजून व्हायची आहे. काकी म्हणत होती, निवडून आले तर त्या बोअरचं ग्रामसभेत काढणार. म्हणून शेठ दिपालीच्या बाजूनं. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. शेठचं नाव काय?... जाऊ द्या हो. इथं कशाला.

मी आदेशला विचारलं. आदेश माझा चुलतभाऊ, काकीचा मुलगा, क्रिकेट टीमचा कॅप्टन. म्हटलं, आदेश, शेठनी दिपालीवहिनीच्या प्रचाराला किती दिले? म्हणतो, "एक रुपया नाय दिला. शेठ इलेक्शनला देतच नाय." मग टूर्नामेंट कुणी भरवली? "शेठनी." टी-शर्ट? "शेठनी. बघ ना, पाठीवर नाव हाय." कधी वाटले? "हल्लीच. फॉर्म भरले त्याच्या आदल्या दिवशी." अरे, मग ही देणगीच झाली! "देनगी कशी? टूर्नामेंट हाय ती!" आणि स्वतःच्या आईच्या विरुद्ध असलेल्या शेठचं नाव पाठीवर घेऊन हा बॅटिंगला गेला! मी मामांच्या स्पीकरकडं पाहिलं. स्पीकरच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं, 'सप्रेम भेट', आणि खाली शेठचं नाव. म्हणजे माझी सगळी पारदर्शकता त्यांच्या स्पीकरवरून चालली होती. मामांना म्हटलं, मामा, हे काय? मामा म्हणाले, "आवाज बरा हाय ना? मंग?"

मला राग आला. आणि राग आलेला माणूस जे करतो ते मी केलं. शेठना दाखवते, म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी बारकीमावशी आली. वरच्या पाड्यावरची. बारकीमावशी शेठच्या फार्महाऊसवर झाडलोट करते, त्याच गुलाबांना पाणी घालते आणि संध्याकाळी स्वतःच्या घरासाठी हंडा घेऊन ओहोळात झरा उकरते. डोक्यावर लाकडाच्या दोन मोळ्या, एकीवर एक. शेडच्या मागच्या बाजूनं आली, जिथं चहाची चूल होती. मोळ्या टाकल्या, घाम पुसला, म्हणाली, "सरिताला सांग, चायला लाकडा आनलीत. तिनी आमचे हिरीचा इषय काढला ना, म्हून."

मी इतकी भारावले, इतकी भारावले की काय सांगू! म्हटलं, मावशी, थांब, नाव लिहिते. तर तिनं माझा खडूचा हातच धरला. "नाव नको लिवू गो बाय."

ऐकलंत? नाव नको लिहू. तीन शब्द. यात न कळण्यासारखं काय होतं? चौथीतल्या पोराला कळलं असतं. अंबूबाईला कळलं असतं. झोपलेल्या त्या माणसाला झोपेत कळलं असतं! पण मी एकशेबारा पानं लिहिलेली ना! मी तिला समजावलं. भर उन्हात, डोक्यावरची चुंबळ अजून न काढलेल्या बाईला मी समजावलं, की मावशी, लाज कसली? लपवायचं ज्यांच्या मनात पाप त्यांनी. तुझ्यासारखीचं नाव सगळ्यात वर पाहिजे! ती म्हणाली, "लाज नाय गो..." आणि माझ्या तोंडाकडं बघत चुंबळ सोडायला लागली. मीच तिचं वाक्य पुरं करून टाकलं, "उघड म्हणजे उघड!"

लिहिलं. सगळ्यात वर. 'बारकीबाई, वरचा पाडा, लाकडाच्या दोन मोळ्या.' नियमाप्रमाणं वस्तूची किंमत धरायची असते, म्हणून पुढं बाजारभावही लिहिला. मामांना म्हटलं, पुकारा. मामांनी माईक हातात घेतला, माझ्याकडं बघितलं, मग बारकीमावशीकडं, आणि माईक खाली ठेवला. तीस वर्षांत न पुकारलेला पहिला आहेर असेल तो! मी काय केलं? मी माईक उचलला आणि स्वतः पुकारलं. धन्यवादासकट.

आणि एवढ्यावर थांबले का? छे! फोटो काढला. फळा, शेजारी बारकीमावशी, पदर तोंडावर धरलेली. मला वाटलं लाजतेय. टाकला गावाच्या ग्रुपवर. खाली लिहिलं, 'गरिबातली गरीब माउलीही उघडपणे देते. धनदांडगे का लपवतात?' अठ्ठेचाळीस अंगठे आले. मी मोजले. मोजले हो मी ते, बसून!

दोन दिवसांनी प्रचाराला पाड्यावर गेले. सकाळचे दहा वाजलेले, आणि बारकीमावशी घरात. दहाला ती घरात कधी नसते. दारात बसून नवऱ्याच्या, बुधूकाकाच्या, सदऱ्याला ठिगळ लावत होती. म्हटलं, मावशी, आज सुट्टी? बुधूकाका आतूनच म्हणाला, "सुट्टी नाय, सुटी झाली ती. शेठकडचा गनू बोलला, उद्यापास्ना येव नको."

तुम्हाला सांगते, पायाखालची जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. जमीन तिथंच होती. मीच कुठं बघावं ते कळेना. म्हटलं, मावशी, शिवी तरी दे. तर ती दातानं दोरा तोडून म्हणाली, "शिवी कशाला देव? तू आमची पोर. तुला वाटला नाव मोठा केला म्हंजे मानूस मोठा होतं." मग जरा हसली. "माजा नाव कवा कुठं नव्हता ना गो, म्हून आमी दोनी घरचा खात होतो. सरितालाच मत देनार होतं मी. गुलाबाला पानी घालून देनार होतं."

मला कळलं नव्हतं तेवढं एवढंच होतं. तिला लाज नव्हती वाटत. तिच्याकडं एक अक्कल होती, तीन पिढ्यांनी साठवलेली, आणि ती मी फळ्यावर टांगली.

पैसे देऊ? पिशवीत हात घातलाच होता मी. आणि आठवलं, आचारसंहिता! उमेदवाराच्या पुतणीनं मतदाराला पैसे द्यायचे? हा गुन्हा! माझ्याच प्रबंधात, प्रकरण चौथं, तळटिपेसकट! पाच किलो तांदूळ दिले तरी गुन्हा. म्हणजे बघा गंमत, तिचं काम घालवायला मला कुठलाच कायदा आडवा आला नाही, आणि भरून द्यायला गेले तर सगळे आले!

तशीच उतरले ती फार्महाऊसच्या गेटवर. गणू तिथला मॅनेजर, आमच्याच गावचा, माझ्याबरोबर सातवीपर्यंत होता. खुर्ची दिली, पाणी दिलं... थंड पाणी, त्याच बोअरचं, आणि मी प्यायलेही! म्हणाला, "शेठ काय बोलले नाय गो. शेठना बारकी कोन ते पन म्हाईत नाय. पन फोटो फिरत फिरत त्यांच्या मिसेसच्या मोबाईलवर गेला. ती बोलली, आपला खाऊन आपल्यालाच बोलते?" मी म्हटलं, गणू, ती काही बोललीच नाही, बोलले मी! मला काढ! म्हणाला, "तुला कशी काढू? तू कामालाच नाय." मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "भूमिका, तू तो फळा पूस. बारकीचा नावच नको, अख्खा पूस. ग्रुपवर टाक, चूक झाली. सकाळी तिला घेतो कामाला. माजा शब्द."

काय सांगू, माझ्या तोंडात अख्खं भाषण आलं होतं. लोकशाही, दबाव, नागरिकांचा हक्क... गिळलं. पाण्याबरोबरच गिळलं.

घरी येऊन काकीला सगळं सांगितलं. म्हटलं, काकी, फळा पुसला तर लोक म्हणतील घाबरली. सोळा दिवसांचं काम. मतं जातील. काकी भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "माजी मता मी बघीन. ती फळ्यानी आलेली नव्हती. फळा तुजा हाय, तू ठरव." मग भाकरी उलटताना म्हणाली, "बारकीनी दोन मोळ्या दिल्यान. आपल्यात आहेर परत कसा करतान, म्हाईत हाय ना?"

वाढवून.

सकाळी सहाला उठले आणि ठरवलं. बादली घेतली, फडकं घेतलं, शेडवर गेले. आधी ग्रुपवर लिहिलं, 'बारकीबाईंना न विचारता नाव लिहिलं. चूक माझी.' न विचारता हेसुद्धा खोटंच, विचारलं होतं, तिनं नाही म्हटलं होतं. पण तेवढं खरं लिहायची हिंमत त्या सकाळी नव्हती. अंगठे किती आले ते यावेळी मोजले नाहीत. मोजायला लागलेही नसते.

मग फळा पुसला. नामदेव पाटील गेले, हौसाबाई नारळासकट गेल्या, दिपालीवहिनी गेल्या. बारकीमावशीचं नाव सगळ्यात वर होतं, ते मी आधी पुसायला घेतलं होतं, पण खडू इतका दाबून लिहिलेलं की तीनदा फडकं मारावं लागलं. पाणी खाली ओघळलं, पिवळा चार्ट पेपर भिजला, माझं 'उघड म्हणजे उघड' लोंबायला लागलं, आणि पटकन गळून चिखलात पडलं.

तेवढ्यात वरून बारकीमावशी उतरली. हातात डबा, गणूचा निरोप मिळून कामावर निघालेली. थांबली नाही. जाता जाता फळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "हां, आता बराय." तिला वाचता येत नाही.

मला येतं. चार्ट पेपरच्या खाली ते बेंगरूळ, जुनं, मी न वाचता झाकलेलं... पांढरं ऑइलपेंट, ओलं झाल्यानं नुसतं चकाकत होतं. 'सप्रेम भेट', आणि पुढं शेठचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

मघाशी मी नाव सांगितलं नाही म्हणून रागावू नका. शेणव्याच्या पुढं या, एसटीच्या शेडखाली फळा आहे. आता त्याच्यावर एकच नाव आहे, आणि ते पाण्यानं जात नाही. कुणीही येऊन वाचावं.

उघड म्हणजे उघड.